बालमणीच्या कोंबड्या

१४ जून

आज सकाळी खाद्यपात्र भिंतीला बसवून घेतले. प्लास्टिकचा पाइप उभा चिरून त्याचे पन्हाळे केले आहे. दोन्ही टोके बंद, तळाला पाणी निचरण्यासाठी छिद्रे. सर्व पक्ष्यांना एका रांगेत उभे राहून एकाच वेळी सारखे खाता येईल. बालमणी दाणे मुठीने उधळत असे. काही पायरीपाशी, काही तुळशीमागे, काही धुण्याच्या दगडाशी. निम्मे मातीत जात. मी हे तिच्या लक्षात अनेकदा आणून दिले होते. आता ती परतेल तेव्हा तिला नीटनेटकी व्यवस्था दिसेल.

ती एप्रिलमध्ये हैदराबादला गेली. आमच्या प्रियंकाला बाळंतपणाआधी डॉक्टरांनी प्रवासास मनाई केली, त्यामुळे लेक आईकडे येण्याऐवजी आई लेकीकडे गेली. मुलगा झाला, सर्व सुखरूप आहे. दीड महिन्यासाठी गेलेली बालमणी आता ‘बाळाला मान धरू द्या, मग बघू’ असे म्हणते. मी मार्चअखेर टॉवेल कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झालो. मी दिवसभर घरी राहू लागलो आणि तीन आठवड्यांत तिला जावे लागले. हा योगायोग गैरसोयीचा ठरला.

घरात सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. बालमणी विड्या वळत असे तेव्हा मांडीवर सूप घेऊन दिवसभर पायरीवर बसायची आणि ही सगळी तिच्या भोवती असायची. आता पायरी मोकळी असते. धूळ बसते, म्हणून ती रोज पुसून घेतो.

२० जून

पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली आहेत. पाळीव कोंबडीला नाव देणे मला पटत नाही, पण फोनवर क्रमांक सांगितला की बालमणी “कोण? कोण ते?” असे विचारत राहते. त्यामुळे येथेही तिचीच नावे लिहितो.

काळ्या कोंबडीचे नाव चेकर. विडी कारखान्यातला चेकर जसा बायकांनी वळून आणलेल्या जुड्या हातात फिरवून नापास विड्या बाजूला टाकतो, तशी ही प्रत्येक दाणा चोचीत धरून पाहते आणि निम्मे टाकून देते. सर्वांत लहान, ठिपक्याठिपक्यांची ती कवडी.

चेकर पन्हाळ्याच्या मधोमध उभी राहते आणि दोन्ही बाजूंना चोची मारते. रांग मोडते. भुरी नावाची दुसरी दांडगट कोंबडी एका टोकाला कशीबशी टिकते. कवडी सर्वांचे होईपर्यंत दूर तुळशीपाशी थांबते आणि मग रिकाम्या पन्हाळ्यात चोच मारते. जागा सर्वांना पुरेल इतकी मोजून केली असताना हे का व्हावे, कळत नाही.

संध्याकाळी फोन केला. आमचे घरातले बोलणे तेलुगूत असते. येथे ते मराठीत उतरवतो.

“चेकर कवडीला पन्हाळ्यापाशी येऊ देत नाही.”

“कसलं पन्हाळं?”

मी रचना समजावून सांगितली. पाइप, छिद्रे, भिंतीपासूनचे अंतर.

“बरं,” ती म्हणाली. “बाळ उठलंय. ठेवते.”

५ जुलै

कवडीच्या तुऱ्यातून रक्त आले. रक्त दिसले की बाकीच्या अधिकच तुटून पडतात, हे आज प्रत्यक्ष पाहिले. हळद लावली.

कारखान्यात कुणी मारामारी केली की चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला निलंबित करत. मारणारा दूर झाला की खाते शांत होते आणि परत आलेला माणूसही नरमतो. त्याच न्यायाने चेकरला शेजारी रत्नम्माकडे नेऊन डालग्याखाली ठेवले. रत्नम्मा अजून विड्या वळते. बालमणीला ती अक्का म्हणते, त्या नात्याने मी तिचा बावा, म्हणजे दाजी.

“काय बावा, हिला का आणलाव?”

“शिस्तीसाठी. आठवडाभर ठेव.”

“घरात शिस्त लई झाली म्हणायची,” ती पानावरची कात्री न थांबवता म्हणाली. “एक हैदराबादला, एक माझ्याकडं.”

रत्नम्माचा विनोद मला नेहमी उशिरा कळतो. हा अजून कळलेला नाही.

१६ जुलै

चेकरला परत आणले. अपेक्षा अशी होती की ती नरमलेली असेल आणि बाकीच्या तिला सामावून घेतील. तसे झाले नाही. मधल्या काळात भुरीने पन्हाळ्याचा मध्य ताब्यात घेतला होता. चेकर अंगणात शिरताच दोघींनी मानेची पिसे फुलवली आणि एकमेकींवर उड्या घेतल्या. कोंबडा मध्ये पडला आणि मार खाऊन छपरावर जाऊन बसला. पुढचे तीन दिवस कोणाचे कोणाशी जमेना. भुरीकडून मार खाल्लेली दुसरीला मारते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी सगळ्याजणी कवडीला. तिच्या पाठीवरची पिसे गेली आहेत.

रत्नम्मा कुंपणावरून बघत होती.

“एक कापून टाका. बाकीच्या गप बसतेत.”

“त्या बालमणीच्या आहेत.”

“अक्का कुठं हितं बसलीय मोजायला?”

मी तिला स्पष्ट सांगितले की बालमणी परत येईल तेव्हा सर्वच्या सर्व पक्षी तिला अंगणात दिसले पाहिजेत. तिचा जीव त्यांच्यात आहे. त्यांच्यासाठी तरी ती फार दिवस दूर राहणार नाही.

“त्यांच्यासाठी,” रत्नम्मा म्हणाली, आणि आत गेली.

२८ जुलै

बारशाला हैदराबादला जाऊन आलो. दोन दिवस राहिलो. कोंबड्यांकडे रत्नम्माने पाहिले.

प्रियंकाचे घर चौथ्या मजल्यावर आहे. बालमणी गच्चीवर मजल्यावरच्या बायकांबरोबर बसते. मी पहिल्या संध्याकाळी तिला शोधत वर गेलो तेव्हा ती काहीतरी सांगत होती आणि सगळ्याजणी हसत होत्या. मी दिसल्यावर त्या सावरून बसल्या. तीही.

दाराजवळ चपलांचा ढीग पडलेला असतो. सकाळी लवकर उठून मी त्या मापाप्रमाणे लावल्या. प्रियंका म्हणाली, “पप्पा, राहू द्या की.” बालमणीने मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले, “इथं नको.” एवढेच. कदाचित परक्या घरात जावयासमोर मी काम करू नये, असे तिला वाटले असावे.

जेवायला मला पहिल्यांदा वाढले, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. फार आदराने केले. बाळ माझ्याकडे आले की रडते आणि तिच्या खांद्यावर जाताच थांबते.

निघताना विचारले, “मग कधी?”

“रांगू द्या त्याला.”

परतीची गाडी वाडी जंक्शनच्या पुढे आल्यावर लक्षात आले की तिने कोंबड्यांची चौकशी केली नाही. घाईत राहून गेले असेल.

१० ऑगस्ट

कवडीला गेले काही दिवस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवले होते. जखम सुकली, नवी पिसे फुटू लागली. ती तेथे समाधानी होती. मी भाकरी थापताना ती डालग्याच्या फटीतून एक डोळा लावून पाहत असे आणि मध्येच एक हलका आवाज काढत असे. घरात दुसरा आवाज नसल्यामुळे तो बरा वाटे.

आज बरी झाली म्हणून तिला अंगणात सोडले. आठवड्यापूर्वी जिच्याबरोबर राहत होत्या तिला त्या ओळखेनात. सगळ्या मिळून धावल्या. दुबळी म्हणून मारत होत्या ते वेगळे; आज परकी म्हणून मारत होत्या. मी फडके झटकत मध्ये पडलो आणि तिला पुन्हा आत आणले.

म्हणजे जिला दूर नेले, तिची जागा मागे भरून जाते. मारणारीला नेले तरी, मार खाणारीला नेले तरी. जागा राखून ठेवण्याची पद्धत त्यांच्यात नाही.

संध्याकाळी फोनवर बालमणीला म्हणालो, “फार दिवस बाहेर राहिलं की परत आत घेत नाहीत.”

ती म्हणाली, “कोंबड्यांचं सांगताय ना?”

“दुसरं कशाचं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

२४ ऑगस्ट

नळाला पाणी आले म्हणून घाईने पिंप भरायला गेलो आणि धुण्याच्या दगडावरून घसरलो. गुडघा सुजला आहे. डॉक्टरांनी पट्टी बांधून वाकायला मनाई केली. पन्हाळ्यापर्यंत जाणे शक्य नव्हते. पायरीवर बसलो आणि हात पोचेल तिकडे दाणे फेकले. काही तुळशीमागे गेले, काही दगडाखाली, काही थेट कुंपणाशी.

आणि मारामारी झाली नाही.

चेकर एका जागेवर हक्क सांगायला गेली की बाकीच्या दुसरीकडे टिपत होत्या. ती दुसरीकडे धावली की पहिली जागा मोकळी. सगळीकडे एकाच वेळी राज्य करणे तिला जमेना. काही वेळाने तिने प्रयत्न सोडला आणि निवांत मातीत चोच घालून उकरू लागली. एका रांगेत, एकाच ठिकाणी, ठरल्या वेळी अन्न ठेवले होते, तेव्हा राखण्यासारखी एक जागा निर्माण झाली होती. ती मी निर्माण केली होती. रचनेतील दोष होता.

पाय दुखत असल्याने उठता येईना, तसाच दुपारपर्यंत बसून राहिलो. हळूहळू त्या जवळ आल्या. भुरी माझ्या चपलेशेजारी पंख पसरून लवंडली. इतका वेळ काहीही न करता मी कधी बसलो होतो, आठवत नाही. पायरीवरून काय काय दिसते, हे मला माहीत नव्हते. रत्नम्माचे दार दिसते, गल्लीचे वळण दिसते, कोण आले कोण गेले ते दिसते. आत खुर्चीत बसलेला माणूस मात्र दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो.

१५ सप्टेंबर

पन्हाळे काढून टाकले.

कवडीसाठी अंगणात जाळीचा आडोसा केला. ती आत, बाकीच्या बाहेर. एकमेकींना दिसतील, पण चोच पोचणार नाही. पहिले काही दिवस चेकर जाळीवर धडका मारत होती. मग नुसती जाळीपाशी उभी राहू लागली. मग दोघी जाळीच्या दोन बाजूंना एकाच वेळी दाणे टिपू लागल्या. काल तिन्हीसांजेला, सगळ्या खुराड्यात दांडीवर बसून डोळे मिटू लागल्या असताना, कवडीला हळूच त्यांच्या शेजारी नेऊन ठेवले. भुरीने एकदा मान वळवली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. आज सकाळी सगळ्या एकत्र बाहेर पडल्या. कवडीला एक-दोन टोचण्या बसल्या, तिने अंग चोरले, प्रकरण मिटले. सर्व पक्षी जिवंत आणि एकत्र आहेत.

आनंदाने बालमणीला फोन केला. सविस्तर सांगितले: दाणे एका ठिकाणी न घालता पाच-सहा ठिकाणी विखरून टाकले, तर भांडणे होत नाहीत. हे निरीक्षणातून मला कळले.

“असं का,” ती म्हणाली.

“पायरीवर बसून टाकले तर अधिक चांगले.”

“बरं.” तिच्या आवाजात हसू होते असे मला वाटले, पण बाळही शेजारी होते.

मग मी म्हणालो, “आता तू आलीस तरी हरकत नाही. सगळे सुरळीत आहे.”

“हो,” ती म्हणाली. “सुरळीत आहे तर.”

३० सप्टेंबर

आज बतुकम्माचा, आमच्या फुलांच्या सणाचा, शेवटचा दिवस. संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी चौकात फुलांचे मनोरे मांडून भोवती फेर धरला. दरवर्षी बालमणी सकाळपासून झेंडूची परडी घेऊन बसते आणि घरभर पाकळ्या होतात. यंदा घर स्वच्छ होते.

रत्नम्माने दारात येऊन एक फूल दिले. “अक्काचं म्हणून ठेवा,” म्हणाली. कुठे ठेवायचे ते सुचले नाही. पाण्याच्या पेल्यात ठेवले.

प्रियंकाने एक चित्रफीत पाठवली. त्यांच्या इमारतीच्या आवारातला फेर. बालमणी मध्यभागी आहे. अंगावर निळे जरीचे पातळ आहे. आमच्या कपाटातले प्रत्येक पातळ मला माहीत आहे. हे त्यांतले नाही. ती टाळी वाजवून वळते तेव्हा क्षणभर चेहरा थेट समोर येतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चौकात ती अशीच दिसली होती. तेव्हा मी मित्राबरोबर दूर उभा होतो आणि तो म्हणाला होता, ती निळ्या पातळातली कोण रे.

चित्रफीत लहान आहे. पुन्हा पुन्हा पाहावी लागते.

८ नोव्हेंबर

रत्नम्माच्या मुलीचे, साक्षीचे, लग्न ठरले आहे, तेवीस तारखेला. बालमणीचा आपणहून फोन आला. लग्नाला येते म्हणाली.

मी तयारीला लागलो आहे. खुराड्याला चुना दिला, जाळीचा आडोसा काढला. कोंबड्या आता माझ्या पावलांच्या आवाजावर येतात. कवडी तर हातातून खाते. चेकरचा तुरा लाल झाला आहे, अंडी नियमित आहेत. बालमणीने अंगणात पाऊल टाकताच सगळ्या धावत तिच्याकडे जातील, हे दृश्य मी इतक्या वेळा मनात पाहिले आहे की ते घडून गेल्यासारखेच वाटते. मग ती परत जाणार नाही. कशी जाईल?

२१ नोव्हेंबर

बालमणी आली. स्थानकावर उतरली तेव्हा हातात एक लहान पिशवी होती. मोठी बॅग मागून येईल का, असे विचारले.

“कशाला? पंचवीसचं परतीचं तिकीट आहे.”

घरी येईपर्यंत रिक्षात मी रस्त्याच्या कामाविषयी बोललो.

ती हातपाय धुऊन थेट अंगणात गेली. पायरीवरून तिने ती जुनी हाक घातली, जीभ टाळूला लावून काढलेला तो बारीक आवाज. कोंबड्या थबकल्या. माना वर झाल्या. मग सगळ्या वळून धावल्या आणि माझ्या पायांमागे येऊन उभ्या राहिल्या. तिने पुन्हा हाक घातली, एक पाऊल पुढे टाकले. चेकरने मानेची पिसे फुलवली, खाली वाकून धावत गेली आणि तिच्या टाचेला चोच मारली.

मी चेकरला हाकलले. बालमणी पाय चोळत हसली.

“ओळख विसरल्या की माझी.”

“दोन दिवसांत येतील जवळ. पद्धत आहे. मी सांगतो.”

“असू द्या हो.” ती पायरीवर न बसता आतून प्लास्टिकची खुर्ची मागवून त्यावर बसली. “छान ठेवल्यात. तुमच्या झाल्या आता. मला उगीच काळजी होती की ह्यांचं काय होईल. आता नाही.”

जे शब्द ऐकण्यासाठी जूनपासून खटपट केली, ते आज ऐकले. आनंद मात्र झाला नाही.

२३ नोव्हेंबर

लग्न झाले. मांडवातून बायका लवकर परतल्या. दुपारी बालमणी आणि रत्नम्मा कुंपणापाशी बोलत होत्या. मी आत होतो. मुद्दाम ऐकले नाही, ऐकू आले.

“बावानं घर कसं ठेवलंय बघ की, आरशागत.”

“हो ना. लई छान ठेवलंय.” मग थोड्या वेळाने बालमणीचा आवाज, “माझं काहीच उरलं नाही बघ त्यात.”

“मग काय, चाललीस परत?”

“बाळ आहे ना तिकडं.”

“बाळाचं सांगू नको मला. बाळाला आई हाय.”



२४ नोव्हेंबर

आज घडलेले सलग लिहितो.

सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही म्हणून डोकावलो. ती फळ्यांसमोर हात मागे बांधून उभी होती, दुकानात उभे राहावे तशी.

“पीठ कुठंय?”

मी डबे वर्णानुक्रमे लावले आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी आहे. “‘प’मध्ये. तिसरी फळी, पोह्यांच्या आधी.”

“आणि चहा?”

“‘च’. वरची फळी. थांब, मी करतो.”

ती पाटावर बसली, कडेला, अंग चोरून. मी चहा केला, तिला आधी दिला. ती ‘छान झालाय’ म्हणाली. पाहुणी म्हणते तसे. तिच्या घरात मी तिला चहा देत होतो आणि ती ‘छान झालाय’ म्हणत होती.

उद्या ती जाणार. मी बोलायचे ठरवून ठेवले होते: कोंबड्यांना तुझी गरज आहे. गेले कित्येक महिने हेच एक कारण मी जपून ठेवले होते. दारातून बाहेर पाहिले. त्या निवांत दाणे टिपत होत्या. कवडीसुद्धा. त्यांना कोणाचीही गरज नव्हती. माझ्याकडे सांगण्यासारखे दुसरे कारण उरले नव्हते, आणि कारण नसताना कसे बोलावे हे मला ठाऊक नाही.

“मला करमत नाही,” मी म्हणालो.

तिने कप खाली ठेवला. “काय?”

“तू नसलीस की करमत नाही. कोंबड्यांचा त्याच्याशी संबंध नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “रोज फोन केलात. रोज कोंबड्या. आज हिनं तिला मारलं, उद्या तिनं हिला. मला वाटलं, ह्यांना राखणीला माणूस पाहिजे.”

“नाही.”

“मग बोलायचं होतं की.”

“बोललो आता.”

“आता,” ती म्हणाली. मग खाली बघत, पाटाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “तिथं मी केव्हा उठते, गच्चीवर किती वेळ बसते, डाळीत मीठ आधी घालते का नंतर, कुणी विचारत नाही. मला त्याची सवय झाली हो. चांगली सवय आहे ती.”

यावर माझ्याकडे मुद्दे होते. डाळीत मीठ केव्हा घालावे याविषयीसुद्धा एक होता. तो मांडला नाही. उठलो, वरच्या फळीवरून चहाचा डबा काढला आणि त्याची चिठ्ठी नखाने सोलू लागलो. चिकट कागद नीट निघत नाही.

“काय करायलाव?”

“तुझा चहा कुठे असायचा?”

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही.” मी खरेच आठवून पाहिले. रोज त्याच डब्यातला चहा प्यायलो. डबा कुठे असे, ते मी पाहिलेले नव्हते.

ती हसली. आल्यापासून तीनदा हसली होती. हे निराळे हसणे होते. “शेगडीच्या उजवीकडं. साखरेच्या शेजारी. हात लांब करायला नको म्हणून.”

मी ठेवला.

“पीठ?”

“खाली. वाकायचं नाही म्हणता, पण जड डबा खालीच बरा.”

दुपारपर्यंत आम्ही हे करत होतो. ती सांगे, मी ठेवी. काही ठिकाणी तिलाच आठवेना आणि ती डबा छातीशी धरून डोळे मिटून हात हवेत फिरवे, जणू स्वयंपाक करते आहे. हात जेथे थांबे तेथे डबा. मेथीदाण्याला असे तीन वेळा हलवले. मी घड्याळ पाहिले नाही. जेवण फार उशिरा झाले आणि डाळीविषयी कोणी काही बोलले नाही.

२५ नोव्हेंबर

सकाळी पिशवी दाराशी भरलेली होती. मी तिला काही विचारले नाही. कालचे बोलणे पुन्हा बोलून दाखवावे असे फार वाटत होते. पण एकदा बोललेले पुन्हा बोलले की ते आग्रह होते, आणि आग्रह झाला की ती ‘बरं’ म्हणते. मला तिचे ‘बरं’ नको होते.

अंघोळ करून येईपर्यंत तिचे फोनवर बोलणे चालू होते.

“आठ दिवसांनी येते गं प्रियंका. हो. नाही, तब्येत ठीक आहे दोघांची. उगीच. राहावंसं वाटलं म्हणून.”

आठ दिवस म्हणजे आठच दिवस. तिचे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. नंतरचे तिने सांगितले नाही आणि मी विचारणार नाही. ती जाईल, कदाचित मी तिकडे जाऊन राहीन, कदाचित दोघेही येत-जात राहू. यातले काहीच ठरलेले नाही. ठरलेले नसताना दिवस कसा काढतात हे मला शिकावे लागेल.

आत्ता दुपार टळली आहे. बालमणी पायरीवर बसली आहे. आज खुर्ची मागितली नाही. पदरात दाणे घेऊन ती मुठीमुठीने टाकते आहे, तुळशीमागे, दगडाशी, कुंपणाकडे. कोंबड्या दूर एका घोळक्यात उभ्या आहेत, माना वर करून, एकदा तिच्याकडे आणि एकदा घराच्या दाराकडे पाहत. मी बाहेर गेलो तर त्या माझ्याकडे धावतील. चेकर एक पाऊल पुढे टाकते आणि थांबते.

म्हणून मी आतच बसलो आहे, दारापासून दूर, खिडकीच्या कडेला, जेथून मी त्यांना दिसणार नाही.